मदत हवी आहे : व्हीलचेअरची पुढची चाकं कुठे मिळतील?

खटपट्या
आम्ही काही जण मिळून रुग्णसाहित्य केंद्र चालवतो. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड असं सगळं अनामत घेऊन वापरायला देतो, भाडं नाही. सगळे नोकरीधंदा सांभाळून करणारे, त्यामुळे हात लागतो तो रात्रीच. सध्या बऱ्याच व्हीलचेअर नुसत्या पडून आहेत. कारण एकच, पुढची चाकं गेलीत. दुकानदार म्हणतो सुटी चाकं येत नाहीत, नवी खुर्ची घ्या. एक खुर्ची रविवारी द्यायचं कबूल केलंय. चाकं कुठे मिळतील एवढंच सांगा. कृपया फाटे फोडू नका.

सायकलवाला
कुठलं गाव? चाक सहा इंची की आठ इंची? आणि 'गेलीत' म्हणजे रबर निघालंय, डगडगतंय की फिरतच नाही?

खटपट्या
सातारा जिल्हा. साधी घडीची व्हीलचेअर हो, सगळ्यांची सारखीच असते. फिरत नाही.

सायकलवाला
सारखी नसते, तिथेच तर घोळ होतो. चाकाचा व्यास, रबराची रुंदी, हबची (चाकाच्या मधल्या नळीची) लांबी आणि बोल्टची जाडी मोजून टाका, मग सांगता येईल. पण फिरत नसेल तर आधी बोल्ट काढून बघा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच खुर्च्यांचं चाक चांगलंच असतं. बोल्टाभोवती केस आणि साडीचे दोरे गुंडाळून त्याचा नमदा झालेला असतो. ब्लेडने कापून काढा. तरी करकरलं तर बेअरिंग बदला. पुष्कळ खुर्च्यांत ६०८ नंबरचं असतं, आतून ८ मिमी, बाहेरून २२, रुंदी ७. स्केटिंगच्या चाकांतलंच. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल.

मधलाआळीकर
एवढा व्याप कशाला? हार्डवेअरच्या दुकानातून ट्रॉलीची चाकं आणा, वेल्डरकडून ठोकून घ्या. आमच्या आजोबांची खुर्ची अशीच चालली.

सायकलवाला
आजोबा पडले नाहीत हे नशीब. ट्रॉलीचं चाक लहान. खुर्ची पुढे झुकते, माणूस सीटवरून घसरत राहतो, आणि उंबऱ्याला चाक अडलं की थेट तोंडावर.

मधलाआळीकर
चार वर्षं वापरली साहेब. पुस्तकी ज्ञान नाही हे.

निवृत्त_ऑडिटर
संस्था नोंदणीकृत आहे का? १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, मग आयकर खात्याकडे करसवलतीची नोंद. कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा सीएसआर निधी हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म. आधी कागद नीट करा, चाकं आपोआप येतील.

खटपट्या
काका, कागदाला चाकं नसतात.

कमळी
अनामत किती घेता? आमच्या केंद्रात अनामत बंद केली आणि पश्चात्ताप झाला. एअर बेड परत आला तो भोकं पडून, पंप गायब.

दोनओळी
गरिबाकडून अनामत घेणंच चूक आहे. माणूस अडलेला असतो तेव्हाच तो दारात येतो.

कमळी
मग पंप तुम्ही भरून द्या. वस्तू परत आली नाही तर पुढचा अडलेला काय करणार?

फिजिओताई
दादा, रविवारची खुर्ची कुणासाठी आहे? वय काय, बसता येतं का?

खटपट्या
नऊ वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. आई कडेवर घेऊन शाळेत नेते. त्याचा चाकाशी काय संबंध?

फिजिओताई
चाकाशी नाही, खुर्चीशी आहे. तुमची सीट बहुधा अठरा इंची, मोठ्या माणसाची. त्यात ही मुलगी एका कुशीवर कलणार, पाय लोंबकळणार. रोज तसंच बसली तर पाठीच्या कण्याला आणि खुब्याला त्रास. तिला बाजूचे आधार, डोक्याला टेकण, पट्टे आणि पाय टेकतील असा फूटरेस्ट असलेली सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची, हवी. कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को ती बनवते, अपंगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकते. किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. अपंगत्वाचं ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड, आहे का?

खटपट्या
दाखला आहे, कार्डाचं विचारतो. पण ताई, योजनेचं शिबिर लागेपर्यंत आईनं कडेवरच न्यायचं का?

निवृत्त_ऑडिटर
वयोश्री योजनेतही व्हीलचेअर मिळते. २०१७ पासून आहे.

दोनओळी
ती साठीच्या पुढच्यांना. वरचं वाचा हो काका.

फिजिओताई
नाही खटपट्या, कडेवरच न्या असं म्हणत नाही. पण सीट आधार लावून तिच्या मापाची केल्याशिवाय देऊ नका. मुलीला बसवून कमरेची रुंदी आणि ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. जवळच्या थेरपिस्टला दाखवा, कुठे किती आधार द्यायचा ते तिला प्रत्यक्ष बघूनच ठरतं. मुंबईला जाणं जमणार असेल तर हाजी अलीची पुनर्वसन संस्था आहे. आणि आईला निरामय या अपंगांच्या आरोग्य विम्याचं सांगा, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, एक लाखापर्यंत.

सायकलवाला
मापं मिळाली की प्लायवूड आणि दाट फोमचा साचा मी करून देतो. कराडला असतो. नेहमीचा गादीचा फोम नको, महिन्यात बसतो.

मधलाआळीकर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

खटपट्या
दोन खुर्च्या उघडल्या. केसच होते. त्या फिरायला लागल्या. तिसरीचा फोर्कच (चाक धरणारा दुबेळका) वाकलाय. थेरपिस्टची शनिवारची वेळ मिळाली, सायकलवाल्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवार हुकणार, आईला कळवलं, ती नाराज आहे.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली). धागा चालूच आहे तर विचारतो, एअर बेडचा पंप रात्रभर घरघरतो, खाली रबर घातलं तर चालेल का?

कमळी
खाली ठेवूच नका, पलंगाच्या पायपट्टीला हुकावर टांगा. कंपनी कुठली? नळी कुठे दबलीय का बघितलंत?