ओव्याच्या तेलाचा झोन सर्वांत मोठा आला, तर कॅन्डिडावर तेच सर्वांत प्रभावी म्हणावे का?

बडोदा_सूक्ष्मजीव

नमस्कार. मी बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतींतील घटकांचा कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टवर होणारा परिणाम हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. कडुनिंबाच्या पानांचा मेथॅनॉलमधील अर्क आणि क्लेव्हेंजर या ऊर्ध्वपातनाच्या उपकरणाने काढलेली ओव्याची व लवंगेची तेले मी डीएमएसओ या द्रावकात मिसळून यीस्ट पसरलेल्या एकाच अगर (जेलीसारखे माध्यम) प्लेटच्या वेगवेगळ्या वेलमध्ये (छोट्या खड्ड्यांत) घातली. ओव्याचा झोन, म्हणजे वेलभोवती यीस्ट न वाढलेला भाग, सर्वांत मोठा आला, लवंगेचा त्याखालोखाल आणि कडुनिंबाचा अगदी अरुंद. मात्र कडुनिंबाचा झोन गोल नसून ओव्याच्या वेलकडे ओढल्यासारखा लांबट दिसतो. अशा स्थितीत ‘ओवा सर्वांत प्रभावी’ असा निष्कर्ष लिहिता येईल का?

दुसरा प्रश्न घरचा आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याला मधुमेह आहे आणि तिच्या तोंडात वारंवार पांढरा थर येतो. माझ्या कामाबद्दल ऐकल्यापासून ती ओव्याचे तेल लावू का, असे विचारते आहे.

इंदूर_प्रयोगशाळा

झोनचा तो लांबट आकार तुम्ही टिपलात हे फार चांगले झाले, कारण अर्धे उत्तर त्यातच आहे. ओव्याच्या तेलातील थायमॉल आणि त्याच्या जोडीचे पॅरा-सायमीन व गॅमा-टर्पिनीन हे सारे बाष्पशील घटक आहेत. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली की त्यांची वाफ झाकणाखाली कोंडते आणि अगरमधून न झिरपताही आसपासची वाढ रोखते. त्यामुळे कडुनिंबाच्या नावावर मांडलेल्या झोनचा काही भाग ओव्याचा असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक तेलाला स्वतंत्र प्लेट द्या आणि नुसत्या डीएमएसओचा वेल प्रत्येक प्लेटवर ठेवा.

याहून महत्त्वाचे असे की, झोनच्या व्यासावरून दोन वेगळ्या पदार्थांची तुलना करणे मुळातच योग्य नाही. पाण्यात न मिसळणारा घटक अगरमध्ये पसरत नाही आणि प्रभावी असूनही लहान झोन देतो, तर सहज पसरणारा किंवा उडणारा घटक प्रत्यक्षापेक्षा बलवान भासतो. तुलना करायची तर सूक्ष्म-विरलन पद्धतीने (छोट्या वेलमध्ये पदार्थ टप्प्याटप्प्याने पातळ करत) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढा: आरपीएमआय १६४० माध्यम, ३५ अंश सेल्सियस, सोबत तुलनेला फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध आणि गुणवत्ता-तपासणीसाठी कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ हा प्रमाणित वाण. तिथेही वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते, म्हणून प्लेट सील करायला विसरू नका. ज्या वेलमध्ये वाढ दिसत नाही, त्यांतील थेंब ताज्या अगरवर लावून पाहिला, तर यीस्ट मेले आहे की नुसते थांबले आहे हेही कळेल.

थायमॉल आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल यीस्टच्या पेशीपटलाला इजा करतात, हे खरे आहे आणि म्हणूनच विषय मोलाचा आहे. पण आपल्या पेशींनाही पटल असतेच. त्यामुळे रक्तपेशींवरील विषारीपणाची चाचणी जोडल्याशिवाय ‘उपचार’ हा शब्द प्रबंधात येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ग्वाल्हेर_दंतवैद्य

आत्यांना ओव्याचे तेल कृपया लावू देऊ नका. ते तोंडाच्या नाजूक त्वचेला भाजते, आणि आधीच हुळहुळ्या झालेल्या जागी तर नक्कीच. पांढरा थर ओल्या गॉजने हलकेच पुसून निघतो आणि खाली लालसर जागा दिसते, की तो पुसलाच जात नाही, हे दंतवैद्याकडून तपासून घ्या, कारण न पुसला जाणारा डाग ल्युकोप्लाकियाचा (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या चट्ट्याचा) असू शकतो आणि त्याची दिशा पूर्णपणे वेगळी आहे. कॅन्डिडाच असेल तर निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोल तोंडात लावण्यासाठी मिळते. मायकोनॅझोलचे जेल मात्र स्वतःहून आणू नका: ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांसोबत त्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते आणि वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. थर वारंवार येतो म्हटल्यावर साखर आटोक्यात आहे का, तेही पाहावे लागेल. त्यांना कवळी आहे का?

बडोदा_सूक्ष्मजीव

दोघांचेही मनापासून आभार. हो, आत्याला वरची कवळी आहे आणि ती रात्रीही काढत नाही.

ग्वाल्हेर_दंतवैद्य

मग मूळ बहुधा तिथेच आहे. कवळीच्या ॲक्रिलिकवर कॅन्डिडाचा जैवपटल (पृष्ठभागाला चिकटलेला पेशींचा थर) तयार होतो आणि तोंडातला थर औषधाने गेला तरी तिथून पुन्हा लागण होते. रात्री कवळी काढून ठेवणे, रोज ब्रशने घासणे आणि टाळूकडील बाजू विशेष काळजीने स्वच्छ करणे आजपासूनच सुरू करा.

इंदूर_प्रयोगशाळा

यातून तुमच्या प्रबंधाला चांगला प्रश्न मिळतो. तेल तोंडात लावण्याऐवजी तोंडाबाहेर काढलेल्या कवळीसाठी त्याचा उपयोग होईल का, हे तपासा. ॲक्रिलिकच्या छोट्या चकत्यांवर जैवपटल वाढवा आणि त्यावर ओव्याच्या व लवंगेच्या तेलाची विरल द्रावणे वापरून पाहा. जैवपटलातील कॅन्डिडा मोकळ्या पेशींपेक्षा फार चिवट असल्याने एमआयसीइतकी मात्रा पुरेल असे गृहीत धरू नका. तेलाने ॲक्रिलिकचा पृष्ठभाग खरबरीत होतो का, तेही सोबत मोजा, कारण खरबरीत पृष्ठभागावर कॅन्डिडा अधिक घट्ट चिकटते.