डीफोर्ड बेलीला ऑप्रीतून काढलं ते लायसन्समुळे, हे कारण मला पटत नाही

सूरपारंबी:
डीफोर्ड बेली म्हणजे नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवरच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाचा सुरुवातीचा मोठा स्टार, कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक. जन्म १८९९, टेनेसी. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, वर्षभर अंथरुणावर, आणि तिथे पडल्यापडल्या आगगाडी, कोंबड्या, शिकारी कुत्री, जे कानावर येईल ते माउथ ऑर्गनवर काढायला लागला. उंची पाच फुटाच्या आतच राहिली. १९२८ मध्ये वर्षाच्या ५२ पैकी ४९ कार्यक्रमांत तो वाजवत होता. आणि १९४१ च्या मे महिन्यात काढून टाकला.

कारण काय सांगतात तर अॅस्कॅप (गाण्यांचं लायसन्स देऊन संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) आणि रेडिओवाल्यांचं रॉयल्टीचं भांडण. त्याच्या लोकप्रिय धुना अॅस्कॅपकडे, त्या रेडिओवर वाजवायच्या नाहीत, याने नवीन बसवल्या नाहीत म्हणून गेला. मला हे अर्धवट वाटतं. बोला.

काळी_चार:
अर्धवट कसं? १ जानेवारी १९४१ पासून अॅस्कॅपची गाणी अमेरिकेतल्या बहुतेक रेडिओवरून गायब झाली होती, मोठमोठे ऑर्केस्ट्रा जुन्या लोकधुना वाजवत बसले होते. अॅस्कॅपने दर वाढवले म्हणून रेडिओवाल्यांनी बीएमआय ही स्वतःची तशीच संस्था काढली, हा सगळ्या धंद्याचा प्रश्न होता, एका माणसावर धरलेला डूख नव्हता. आणि ज्या दक्षिणेत गोरे-काळे एका टेबलावर जेवत नव्हते तिथे याच डब्ल्यूएसएमने त्याला पंधरा वर्षं गोऱ्यांच्या बरोबरीने माइकसमोर उभं केलं. ते पण धरा की हिशोबात.

सूरपारंबी:
@काळी_चार धरतो. पण मग हे सांगा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या नेटवर्कांचं अॅस्कॅपशी जमलं आणि ती गाणी रेडिओवर परत यायला लागली. मग डीफोर्ड का नाही आला परत? अडचण फक्त लायसन्सची असती तर ती सहा महिन्यांत सुटली होती. तो मात्र नॅशव्हिलमध्ये बुटपॉलिशचं दुकान चालवत बसला, कितीतरी वर्षं.

आणि जॉर्ज हे, ज्याने ऑप्री उभी केली, तो १९४५ मध्ये लिहितो की आपल्या जमातीतल्या काहींसारखाच डीफोर्ड आळशी होता, डझनभर धुना यायच्या, जास्त शिकायला तयार नव्हता. (सोबत इतर जमातींतल्या काहींसारखाच असंही जोडलंय, त्याने काही फरक पडत नाही.) काढून टाकायचं आणि वर आळशी म्हणायचं. हे वाचून संताप येतो राव.

काळी_चार:
वाक्य वाईटच आहे, त्याचं समर्थन मी कशाला करू. पण त्याने नवीन धुना बसवल्या नाहीत हे त्यातलं म्हणणं तरी खोडून काढा ना. रंगाचा मुद्दा काढला की बाकी चौकशी बंद, असं नको.

पेटीवाली:
खोडते मी. डीफोर्डचं स्वतःचं म्हणणं असं होतं की इतकी वर्षं त्याच त्याच धुना वाजव म्हणून मागणी यायची आणि मग अचानक त्याच नकोत असं झालं. बरं, येत नव्हतं म्हणावं तर माणूस गिटार वाजवायचा, बॅन्जो वाजवायचा, तेही डावखुरा, आणि गायचा सुद्धा. १९२७ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी आठ धुना रेकॉर्ड केल्या, १९२८ ला नॅशव्हिलमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी आठ, या दुसऱ्या आठांतल्या तीनच बाहेर आल्या. म्हणजे रेकॉर्डच्या एकूण अकरा बाजू, आणि त्या अकरात त्याचा आवाज कुठेच नाही, नुसता माउथ ऑर्गन. गाणारा माणूस आहे आणि गाऊच दिलं नाही, याला आळशी म्हणायचं?

त्याचं गाणं ऐकायला मिळतं ते सत्तरच्या दशकातल्या टेपांमुळे. नॅशव्हिलच्या सरकारी वसाहतीत राहायचा तेव्हा तिथल्या हाउसिंग खात्यातल्या डेव्हिड मॉर्टनने बसून रेकॉर्ड केलं, नंतर चरित्रही लिहिलं. म्हातारा आवाज आहे पण ठेका बघा, तसूभर हलत नाही.

रूळावरचा:
तुमचं भांडण चालू द्या, पण वाजवण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. डीफोर्डची पॅन अमेरिकन ब्लूज ही धून ऐका. पॅन अमेरिकन ही सिनसिनाटी ते न्यू ऑर्लिन्स गाडी. लहानपणी शाळेत जाताना हा रेल्वेच्या पुलाखाली डोळे झाकून थांबायचा, गाडी बघायची नाही, फक्त ऐकायची. रेकॉर्डमध्ये चाकांची लय आतबाहेर श्वासावर चाललीये आणि मधेच शिट्टी येते ती श्वास आत ओढताना स्वर खाली खेचून, आपल्या मींडेसारखी, आणि गाडीचा वेग कसा वाढतो ते ऐकताना आपण श्वास घ्यायचा विसरतो.

ऑप्रीला नाव मिळालं तेही याच धुनेनंतर. १९२७ च्या डिसेंबरात आधीच्या शास्त्रीय कार्यक्रमात आगगाडीवरची एक रचना झाली, मग जॉर्ज हे साहेबांनी डीफोर्डला पुढे केलं आणि म्हणाले, तासभर ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री. आयुष्यभर बिचारा बिचारा करण्यापेक्षा हा माणूस केवढा मोठा वादक होता ते आधी कळू दे लोकांना.

पेटीवाली:
@रूळावरचा मग मोठा वादक होता म्हणूनच प्रश्न विचारायचा ना! ऑप्रीचा मोठा गायक रॉय अकफ नंतर उघड म्हणायचा की सुरुवातीच्या दौऱ्यांत गर्दी डीफोर्डला बघायला यायची, मला नाही. त्याच दौऱ्यांत याला हॉटेलात खोली मिळायची मारामार, ऑप्रीतलाच गोरा बॅन्जोवादक अंकल डेव्ह मेकन त्याला ‘हा माझा नोकर आहे’ असं सांगून आत घ्यायचा.

काळी_चार:
मेकनने घेतला, अकफने मान्य केलं, १९७४ ला ७५ व्या वाढदिवसाला ऑप्रीनेच परत स्टेजवर बोलावलं. ही माणसं पण त्याच गोष्टीत आहेत. मी अजूनही म्हणतो की १९४१ चा निर्णय धंद्याचा होता.

सूरपारंबी:
धंद्याचा होता तर हिशोब पण धंद्याचाच मांडा. गर्दी खेचणारा माणूस काढला, वाद मिटल्यावर परत घेतला नाही. तो गेला १९८२ ला आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतला २००५ ला. गर्दी खेचणाऱ्या दुसऱ्या कुठल्या ऑप्री स्टारला इतकं थांबवलं ते दाखवा, मग बोलू.