नीसला समुद्रासाठी जाऊ नका!

पायपीट:
दक्षिण फ्रान्सच्या टूरमध्ये हल्ली नीसपुढे 'बीच' असं लिहून मोकळे होतात. नुसत्या बीचसाठी जाणार असाल तर पैसे पाण्यात. तिथे वाळू नाहीच, गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी दहा पावलं चालून दाखवा. त्यात किनाऱ्याचे बरेच तुकडे खासगी, खुर्ची-छत्रीचं भाडं वेगळं.
नीस चित्रांसाठी पाहावं, आणि हिवाळ्यात. थंडीला कंटाळलेल्या इंग्रजांनीच हे गाव नावारूपाला आणलं. 2021 साली ते युनेस्कोच्या यादीत आलं तेही हिवाळी विश्रामाचं शहर म्हणून. चित्रकार आँरी मातीस 1917च्या अखेरीस आला, पावसात हॉटेलात अडकला, निघायच्या बेतात होता. तेवढ्यात आकाश उघडलं आणि गडी राहिला. 1954 मध्ये गेला तोही इथेच. सिमिए टेकडीवर त्याचं संग्रहालय आहे, टेकडीच्या वाटेवर चित्रकार शगालचं. जानेवारीच्या तिरप्या उन्हात ही दोन पाहा, मग बोला.

दर्यावर्दी:
ताई, वाळूचं कौतुक कोकणातल्या माणसाला सांगू नका, आमच्या दारात ढिगाने आहे. गोटे आहेत म्हणूनच लाट फुटली तरी पाणी गढूळ होत नाही, गळाभर पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं मोजता येतात. रबरी तळव्याचे बूट घाला, संपला प्रश्न. धोका वेगळाच आहे: काठापासून चार पावलांवर तळ एकदम खाली जातो. पोहता न येणाऱ्यांनी हौस करू नये.
आणि जानेवारीत शाळांना सुट्टी तुम्ही मिळवून देणार का? आम्ही मे महिन्यातलेच प्रवासी.

दोन_पोरांची_आई:
माझीही पोरं संग्रहालयात पंधरा मिनिटांत "आई, कधी निघायचं?" सुरू करतात. गोट्यांवर मात्र तासन्‌तास रमतील. माझं मत दर्यावर्दींना.

पायपीट:
पोरांना मातीसकडेच न्या! 1941च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून रंगवणं जमेना, तेव्हा रंगवलेले कागद कात्रीने कापून त्याने चित्रं केली. तिथे फुलाफळांचं असं एक चित्र आहे, आठ मीटरहून लांब. कात्री आणि कागद पोरांना समजावून सांगावं लागत नाही. शगालकडे 18 वर्षांखालच्यांना तिकीटही नाही.

खादाडखाऊ:
वाद चालू द्या, मी जुन्या नीसच्या बोळात सोक्का खातोय. चण्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, लाकडाच्या भट्टीतलं भलंमोठं धिरडं. कडा करपलेल्या, वर मिरपूड. शाकाहारी मंडळींची सोय झाली. फक्त पां बान्यापासून सावध, त्या पावात मासे असतात.

तिरकस:
नीसमध्ये राहा आणि पोहायला विलफ्रांशला जा, लोकल गाडीने काही मिनिटांवर. भरड का होईना, वाळू आहे आणि खाडी शांत. बंदरावर कोळ्यांचं छोटं चॅपल आहे. पूर्वी ते त्यात जाळी ठेवत. 1957 मध्ये कवी-चित्रकार कॉक्तोने ते आतून रंगवलं. दोघांचंही समाधान.

पायपीट:
चॅपलला अनुमोदन. तरी ज्याला फक्त समुद्र हवा त्याने इतका खर्च करून नीसला का जावं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दर्यावर्दी:
'फक्त' कोण म्हणालं? सकाळी समुद्र, दुपारी ऊन तापलं की तुमची चित्रं. उलट केलंत तर दोन्ही वाया. बरं, मातीस आणि शगाल दोघेही मंगळवारी बंद. त्या दिवशी काय करता?

पायपीट:
अँतीब, याच किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या गढीतलं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद असतं, मंगळवारी उघडं. 1946 मध्ये त्याने त्याच गढीत बसून काम केलं.

दर्यावर्दी:
ती गढी समुद्राच्या तटबंदीवरच आहे! जवळच, चालत जाण्याच्या अंतरावर, वाळूचा बीच. तुम्ही आत जा, मी पोरांना घेऊन खाली आहे.