मदत हवी आहे: खेळांची चित्रं रंगवतात, पण खडू अजून मुठीतच

बालवर्गाला शिकवते. २२ मुलं, वय साडेचार ते साडेपाच. खेळांची चित्रं दिली की सगळी गुपचूप रंगवायला बसतात, म्हणून बोटांच्या बारीक स्नायूंचा सराव त्यातूनच घेते. पण पाच-सहा जण अजून खडू मुठीत धरतात. फुटबॉलवरचे पंचकोन-षटकोन गेले उडत, अख्खा चेंडू एका रंगात गिरगटून मोकळे!

खडू मोडून दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे दिले. तेवढ्यावर मूठ बसतच नाही, तीन बोटांत धरावाच लागतो. फरक दिसला, पण लांब पेन्सिल हातात आली की पुन्हा मूठ. कागद भिंतीला चिकटवून उभ्याने रंगवायला लावलं. मनगट छान राहतं, पण पाच मिनिटांत ‘बाई, हात दुखतो’ सुरू. टेनिस रॅकेटच्या जाळीतले चौकोन दिले तो प्रयोग साफ फसला, एक जण रडलाच. (चूक माझी, फारच बारीक होते.)

आठवड्यातून तीनदा २० मिनिटं मिळतात, वर्गात मी एकटीच. कात्री आणि मातीकाम वेगळ्या तासाला होतं. मुठीत धरणाऱ्यांपैकी दोघं डावखुरी आहेत. हात धरून गिरवून घेणं मला नको आहे.

तर तुकड्यांवरून लांब पेन्सिलवर आणताना मधला टप्पा कोणता द्यावा? आणि चित्रातले रंगवायचे भाग किती मोठ्यापासून सुरू करून कसे लहान करत न्यावेत?