पडद्यावरचे आणि गाण्यातले कोकण : काय पटले, काय खटकले? (अनुभव धागा)

देवगड
वडील कचेरीत कारकून असल्यामुळे दर तीन वर्षांनी आमचे बिऱ्हाड हलत असे. त्यामुळे २०१५ साली ‘किल्ला’ पाहताना, वडील वारल्यावर आईच्या बदलीपायी कोकणातल्या अनोळखी गावी आलेला तो मुलगा वर्गात कुणाशी बोलतो आणि कुणाशी नाही, याकडेच माझे सगळे लक्ष होते. सायकलींची शर्यत लावून मुले किल्ल्यावर जातात आणि पाऊस आल्यावर याला तिथेच सोडून निघून येतात, तो प्रसंग मला आजही पुन्हा पाहवत नाही. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी छायाचित्रणही स्वतःच केले आहे. त्यांचा पाऊस गाण्यापुरता येऊन जात नाही, तो अंगावरच्या ओल्या सदऱ्यासारखा चिकटून राहतो. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिले, हे मला फार योग्य वाटते. उत्तरार्धात तो थोडा रेंगाळतो, एवढीच तक्रार.

किनारपट्टीवरच्या मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत. ‘छान होता’ किंवा ‘टाकाऊ होता’ यावर न थांबता, का ते सांगावे.

गुहागर
‘किल्ला’चे चित्रण आमच्याकडे झाल्यामुळे पहिल्या खेपेस आम्ही घरच्या सहा जणांनी गोष्ट सोडून जागा ओळखण्यातच वेळ घालवला आणि परतीच्या वाटेवर कथा नेमकी काय होती यावर वाद घातला. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आवडला.

माझा राग आहे तो एकूणच पडद्यावरच्या बोलीवर. कथा दापोलीची असो वा चिपळूणची, गडीमाणूस तोंड उघडतो तो ‘माका-तुका’ करतच. मालवणी गोड आहे, पण ती सिंधुदुर्गाची. आमच्या जिल्ह्यात संगमेश्वरी बोली आहे आणि तिला वेगळा हेल आहे. तो ऐकण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

अलिबाग
मी कोळ्याचा मुलगा, म्हणून गाण्यावर लिहितो. ‘मी डोलकर’ हे गाणे मी होडीवर शिकलो. बाबांच्या टेपरेकॉर्डरमधले सेल पूर्ण बंद पडेपर्यंत बदलले जात नसत, त्यामुळे ते गाणे आमच्याकडे कायम रेंगाळत वाजे. हेमंतकुमारांचा मुळातच भारदस्त आवाज आणखी खोल जाई आणि लताबाईंचा तर ओळखूच येत नसे. पुढे मुंबईत मित्राच्या घरी ते खऱ्या गतीने ऐकले तेव्हा कुणीतरी घाईघाईत म्हटले आहे असे वाटले. मी अजूनही मनात ते सेल उतरलेल्या गतीनेच म्हणतो, आणि वल्हे मारताना तीच गती हाताला बसते.

शांताबाई शेळके मूळच्या इंदापूरच्या, म्हणजे समुद्रापासून लांबच्या. तरीही त्यांच्या शब्दांत आणि हृदयनाथांच्या चालीत मला कुठेही पाहुणेपणा जाणवला नाही. पाहुणेपणा दिसतो तो रंगमंचावर. हे गाणे लागले की नाचणारी मुले हमखास पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकल्याचा अभिनय करतात. डोल फेकत नाहीत! ते पिशवीसारखे मोठे जाळे प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात बांधून ठेवतात, भरती-ओहोटीचे पाणी बोंबील, जवळा आपोआप आत आणून सोडते, आणि डोलकराने पाण्याची वेळ ओळखायची असते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे सांगायला गेलो तर बाईंनी मला खुर्ची दिली आणि नाच होता तसाच ठेवला.

दापोली
‘श्यामची आई’ आमच्या तालुक्यातल्या पालगडची. अत्र्यांच्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णकमळ मिळाले, तेव्हा त्याला नावे ठेवायला इकडे कुणाची जीभ रेटत नाही. माझी रेटते. शाळेत तो पडदा लावून दाखवत आणि शेवटाकडे गुरुजी मागे वळून कोण रडत नाही ते पाहत. मी मनगटाला थुंकी लावून डोळे पुसल्याचे मला स्वच्छ आठवते. चाळिशीत एकटीने पाहिला तेव्हा आईचे काम करणाऱ्या वनमालाबाईंच्या संयमामुळे खरोखर रडू आले, पण मधली तीस वर्षे मी त्या चित्रपटावर रुसून होते.

त्यानंतर सुवर्णकमळ मिळवणारा मराठी चित्रपट थेट ‘श्वास’, आणि त्यातले आजोबा-नातूही कोकणातलेच. तो मात्र मला पहिल्याच वेळी भिडला. रडा म्हणून सांगणारे मागे कोणी नव्हते.

वेंगुर्ले
‘नारबाची वाडी’ मूळ मनोज मित्रांच्या बंगाली नाटकावरची. महिन्याला ठराविक रक्कम द्यायची आणि म्हातारा मेला की वाडी घ्यायची, असा खोताचा डाव, आणि म्हातारा काही केल्या मरत नाही. प्रभावळकरांनी नारबा इतका खरा केला आहे की आमचे काका अर्ध्यातून उठून अंगणात गेले. आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत आणि त्या आठवड्यात वाटपाचीच बोलणी चालू होती. काही विनोद ठोकून बसवलेले वाटले. काका परत येऊन बसले नाहीत, पण पोफळींना पाणी कोण लावते हे त्यात दाखवले आहे का, एवढे त्यांनी मला दोनदा विचारले.

चिपळूण
‘नारबाची वाडी’च्याच दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ मात्र मला फसलेला वाटला. आमच्या आजीचा मुंज्या कधी दिसला नाही, तो फक्त रात्री कौलांवर खडे टाकी. पडद्यावरचा पूर्ण दिसतो, म्हणून पोरे हसतात.

मुरूड
अलिबागकर, पाग फेकण्याबद्दल क्षमा असावी, स्नेहसंमेलनात मीही फेकली आहे. डोल बांधून ठेवले तर नाचणार कसे?