उत्तर: उत्तर: चौथीपर्यंतचे वर्ग सैफुलला, रिक्षाच्या भाड्याचं काय?

अशोक चौक
मंडळी, रात्री सोलापूरहून बहिणीचा फोन आला. आपल्या शाळेच्या छपराचं काम काढलंय, म्हणून पहिली ते चौथी सोमवारपासून सैफुलला, त्या दुसऱ्या संस्थेच्या इमारतीत, सकाळी सातला. पाचवीपासून पुढचे जुन्याच आवारात पत्र्याच्या शेडात, दुपारी. तिची धाकटी दुसरीत, थोरला सहावीत. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणावर आहे, पीसवर पैसे. एकीला सोडा, साडेअकराला आणा, तेवढ्यात दुसऱ्याला जेवू घालून धाडा. मशीनवर बसायचं कधी? रिक्षावाल्या मामांनी भाडं दुपटीहून जास्त सांगितलंय, तेही बारा पोरं जमली तरच. शाळा म्हणते दिवाळीपर्यंतच. स्वच्छतागृहांची "दिवाळी" किती लांबली होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपण माजी विद्यार्थ्यांनी इथं परदेशात जमवलेल्या छपराच्या फंडात शिल्लक आहे, त्यातून भाडं द्यावं. रविवारपर्यंत होय-नाही सांगा, मामा थांबणार नाहीत.

खजिनदार
नाही. आवाहनात "छप्पर व गळती" असं लिहून पैसे जमवले, त्यावर ब्रिटिश सरकारकडून पाउंडामागे २५ पेन्स गिफ्ट एड (देणगीवरची करसवलत) घेतलं. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. शाळेच्या संस्थेकडे गेलेली रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या एफसीआरए (परकीय देणगी कायद्याच्या) खात्यात जाते आणि ज्या कामासाठी आली त्यालाच लागते, २०२० नंतर तर जास्तच कडक झालंय. शिल्लक दिसते तो कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता आहे. स्वतःच्या बहिणीला स्वतःच्या खात्यातून पाठवायला कोणी अडवलेलं नाही.

साखर पेठ
बारा पोरं एका रिक्षात?? आम्ही जायचो तेव्हा मागे फळी टाकून दोघं उलटे बसायचे, दप्तरं बाहेर लटकलेली. एकदा सात रस्त्याला माझा डबा पडला, मामांनी रिक्षा थांबवली नाही, आईनं मात्र संध्याकाळी मामांना थांबवलं. पत्र्याच्या शेडात आम्हीही शिकलोच की. काही बिघडलं नाही.

होटगी रोड
साखर पेठ, तुमच्या वेळी शेडामागे चिंच होती. ती पार्किंगसाठी तोडली. एप्रिलात ४२ च्या उन्हात त्या पत्र्याखाली एक तास बसून दाखवा.

मूळ प्रश्न भाड्याचा नाहीच. चुकीची पोरं हलवली आहेत. ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत म्हणून. सातला कसे बोलावतात? आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटर. म्हणजे नियम करणाऱ्यालाही कळलं होतं की लांब जायचं तर मोठ्यांनी. आठवी-नववीची पोरं सायकल मारत सैफुलला जातील, सहा वर्षांची पोर जाईल का? अदलाबदल करा म्हणावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. अनुदानित शाळेत ती समिती सल्लाच देते, पण लेखी ठराव करून त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना दिली की मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. इथून पैसे पाठवले की ते उत्तरही द्यायला नको.

दत्त चौक
इंजिनियर म्हणून बोलतो. तोडफोड चालू असताना लहान पोरं त्या आवारात ठेवू नका. शिवाय सैफुलच्या इमारतीतली बाकं प्राथमिकची आहेत, नववीची पोरं गुडघे कुठे घालणार?

आणि दिवाळी विसरा. भिंती दगड-चुन्याच्या. मागच्या दुरुस्तीत वरून सिमेंटचा गिलावा मारला, त्यामुळे आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहिली नाही, म्हणून वाशांची टोकं कुजली. आता तो गिलावा खरवडायचा, भिंत सुकू द्यायची, मग पुन्हा चुना. चुना हवेतूनच हळूहळू धरतो, त्याला घाई चालत नाही. पुढच्या जूनच्या आत पोरं परत येत नाहीत. हे मी फंड काढतानाच सविस्तर लिहिलं होतं, तेव्हा माझा मेल लांब झाला असं समितीनं कळवलं होतं.

होटगी रोड
धूळ पाचवीच्या पोराला लागत नाही का? आवार धोक्याचं असेल तर कोणीच बसू नये तिथं. बाकं टेम्पोत घालून नेता येतात.

खजिनदार
दत्त चौक, तो मेल नऊ पानांचा होता.

अशोक चौक
तुम्ही काय करलालाव बे? सोमवार आला की. बहीण आणि चार-पाच आया उद्या अर्ज घेऊन जातायत, होटगी रोड यांनी सांगितलेला शासन निर्णय जोडून. नऊच्या पुढे वेळ मिळाली तरी तिचा अर्धा दिवस सुटेल. तोवरच्या भाड्याचं बोला. फंडाला हात लावत नाही, वर्गणी काढू.

खजिनदार
वर्गणी मंडळाच्या नावानं नको. आणि संस्थेकडे द्यायची असेल तर भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीच स्वतःच्या कमाईतून द्यावी, ती परकीय देणगी धरत नाहीत. आपण ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) कायद्यानं परकीयच. म्हणून भाडं थेट मामांना, बहिणीच्या हातून.

साखर पेठ
मी एका महिन्याचं देतो, पण सहा पोरांच्या रिक्षाचं. बाराचं देणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात सोलापूरहून कोण येतंय? शेंगाचटणी संपली.

अशोक चौक
सहाच बसवले तर मामा दुसरी रिक्षा लावायला तयार आहेत, आत्ताच विचारलं. दुसऱ्या रिक्षाचं कोण देतंय?