कंपनीच्या स्वयंसेवा रजेत दोन दिवसांचं काम कसं शोधावं?

प्रश्न: पुण्यात आयटी कंपनीत आहे. वर्षाला दोन दिवस पगारी स्वयंसेवा रजा मिळते. पोर्टलवर फक्त वृक्षारोपण दिसतं. दुसरं काही?

उत्तर १: पोर्टलवर थांबू नका, सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) टीमला थेट मेल करा. संस्थेचं पत्र, तारीख, तास आणि कामाचं स्वरूप जोडलं की बाहेरची संस्थाही बऱ्याचदा मंजूर होते. २ ते ८ ऑक्टोबरच्या दान उत्सवात (देशभर साजरा होणारा देण्याचा सप्ताह) पर्याय भरपूर असतात, पण सप्टेंबरच्या सुरुवातीलाच नाव द्या.

उत्तर २: अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक (परीक्षेत त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहिणारा) व्हायचा विचार असेल तर आधी नियम विचारा. दहावी-बारावीला लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो, पदवीधर चालत नाही. त्यापेक्षा पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करा: पंखा बंद, फोन सायलेंट, प्रत्येक धड्याची वेगळी फाइल, आकृतीचं वर्णन तोंडी. आकृती गाळली तर विज्ञानाचा धडा निरुपयोगी होतो, हे कृपया लक्षात ठेवा.

उत्तर ३: एका दिवसासाठी मुलांना शिकवायला जाऊ नका, त्यांची घडी विस्कटते. संस्थेला एक्सेलमधली देणगीदारांची यादी नीट लावून द्या. आणि हो, तुमच्या तासांचं मूल्य कंपनीला कायद्याने नफ्यातून कराव्या लागणाऱ्या २ टक्के सीएसआर खर्चात धरता येत नाही. साहित्याचा खर्च कोण करणार, ते आधीच ठरवा.